रत्नागिरीहून आलेलं कॉफी मशीन : प्लग लावला की आरसीसीबी पडायलाय

उकाडा (जुळे सोलापूर)

मंडळी नमस्कार. जरा लांबण लावतोय, मागच्या वेळी अर्धवट लिहिलं म्हणून तात्यांनी झापलं होतं.

माझी ताई रत्नागिरीत मिऱ्याला राहायची, समुद्र म्हणजे चपला शोधायच्या आत पोचाल एवढ्यावर. दाजींची बदली झाली आणि सामान आवरताना त्यांचं कॉफी मशीन माझ्या गळ्यात पडलं. पाच वर्षं जुनं, पंपवालं, आत छोटा बॉयलर, पूड भरायचं ५८ मिमीचं हँडल, चांगलं जडशीळ धूड आहे. एसटीनं आंब्याच्या पेट्यांसोबत आलं. आंबे चार दिवसांत संपले, मशीन अजून ओट्यावर तसंच बसलंय.

अवतार असा की तळाचे स्क्रू लाल, ट्रेच्या मागचा पत्रा रंगाखाली फुगलाय, बोट लावलं की पापुद्रा निघतो. ताईकडं शेवटचे आठ महिने वापरातच नव्हतं, अख्खा पावसाळा प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलेलं. आता प्लग लावून बटण दाबलं की पाच-सात सेकंदांत घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, फ्रिज बंद, पंखे बंद, सासूबाईंची मालिका बंद. तीनदा झालं, चौथ्यांदा बटणाला हात लावायची माझी हिंमत नाही, करंटची नाही, सासूबाईंची भीती.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात. अडीचशे किलोमीटर हे धूड न्यायचं आणि त्यांनी "सर, नवीन घ्या" म्हणायचं, हे मला आत्ताच ऐकू यायलंय. कुणी घरी उघडून बघितलंय का?

बेपर्वा

सोपंय बे. तीन पिनचा प्लग काढ, दोन पिनचा लाव. अर्थिंग गेली की ट्रिप व्हायचं बंद. आमचा गिझर तीन वर्षं तसाच चालू आहे.

चिमटा_पक्कड (अशोक चौक)

बेपर्वा, नाव शोभतंय तुला. आधी जा आणि तो गिझर बंद कर, मग बाकीचं वाच.

बाकीच्यांसाठी सांगतो कारण हा सल्ला लै लोक देतात. घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, म्हणजे कुठंतरी बॉडीतून जमिनीत चाललाय, की तो पडतो. पडतोय म्हणजे काम करायलाय. अर्थिंग काढली तर गळती थांबत नाही, फक्त तिची वाट बंद होते, आणि मग ज्या दिवशी तू ओल्या हातानं मशीनच्या पत्र्याला टेकशील त्या दिवशी वाट म्हणजे तू. पाण्याचं आणि हीटरचं यंत्र आहे, मिक्सर नव्हे.

उकाडा, माझा अंदाज एलिमेंटवर आहे. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती पांढरी पूड ठासलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइड. ती ओल शोषते. रोज तापत असेल तर ओल उडून जाते, आठ महिने कोकणात बंद पडून राहिलं तर टोकांतून आत शिरते. मग तारेतून नळीला आणि नळीतून बॉडीला करंट. मी यंत्रमागाच्या मोटारी बघतो, पावसाळ्यात बंद राहिलेल्या मोटारींचं हेच रडगाणं असतं, फक्त तिथं वाइंडिंग ओलं होतं.

प्लग काढ. काढ म्हणजे बोर्डातून काढून हातात धर, नुसता स्विच बंद नको. मग वरचं झाकण उघड, एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडव, त्याआधी मोबाईलवर फोटो घे (हे न करता वायरी सोडवणारे रविवारी माझ्या दारात उभे असतात). मल्टिमीटरनं दोन टोकांत किती ओम ते बघ आणि मग एक टोक आणि बॉडी यांच्यात किती ते.

उकाडा

केलं. मागं १२०० वॅट लिहिलंय. दोन टोकांत ४४ ओम. एक टोक आणि बॉडी यात ९ किलोओम, आकडा हलायलाय पण त्याच आसपास.

चिमटा_पक्कड

४४ बरोबर. २३० चा वर्ग भागिले १२०० कर, तेवढंच येतं, म्हणजे तार शाबूत आहे. पण ९ किलोओम म्हणजे २३० व्होल्टला पंचवीस मिलिअँपिअर सरळ अर्थिंगला. ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढं कधीही पडू शकतो. सापडला चोर. हा आकडा मेगाओममध्ये पाहिजे, मीटरनं "अनंत" दाखवलं पाहिजे खरं तर.

एलिमेंट टाकायची घाई करू नको. बॉयलरवरचे थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज, रबरी गॅस्केट सगळं काढ आणि नुसता धातू राहील असं करून ओव्हनमध्ये १२० डिग्रीला चार तास ठेव. फ्यूज लावून ठेवलास तर तो जळून जाईल आणि मग मला शिव्या घालशील. गार झालं की दुकानावर घेऊन ये, ५०० व्होल्टच्या मेगरवर (जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासायचा मीटर) बघू. मल्टिमीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर मोजतो, त्याच्या "ठीक आहे"वर मी विश्वास ठेवत नाही.

फिल्टरकाकू

एवढा खटाटोप कॉफीसाठी? आमच्या घरी पूर्व भागात सासूबाईंच्या वेळचा पितळी फिल्टर आहे, त्याला ना पंप ना फ्यूज. रात्री पूड घाला, गरम पाणी ओता, सकाळी डिकॉक्शन तयार. आरसीसीबी आजपर्यंत एकदाही पडला नाही 😀

उकाडा

काकू, तुमचं खरं आहे पण आता जिद्दीचा प्रश्न झालाय. बायकोच्या केकच्या ओव्हनमध्ये बॉयलर भाजायचाय हे घरात कसं सांगावं यावर सल्ला हवाय.

मिऱ्याची_वाळू (रत्नागिरी)

अहो सांगू नका, भाजून टाका.

मी तुमच्या ताईंच्याच बाजूची म्हणायला हरकत नाही, त्यामुळे चार शब्द. प्लास्टिकचं कव्हर ही इथली सगळ्यात मोठी चूक. लोकांना वाटतं खारं वारं आत जाऊ नये म्हणून झाकावं, पण वारं खालून शिरतंच आणि ओल आत कोंडते. माझं मशीन सहा वर्षं चालू आहे, उघडंच असतं, फक्त पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला. आणि पावसाळ्यात कॉफी प्यायची असो नसो, रोज दहा मिनिटं तापवायचं. तापलं की आतली दमट हवा निघून जाते. घरातली माणसं म्हणतात ही मशीनला शेक देते.

आठवड्यातून एकदा आधी गोड्या पाण्याचं ओलं फडकं, मग कोरडं. नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसलं तर मिठाचे कण पत्र्यावर घासले जातात, क्रोमवर बारीक चरे पडतात आणि त्याच चऱ्यांतून पुढं गंज. गावाला जायचं असेल तर टाकी रिकामी, हँडल काढून बाजूला, हे लावून ठेवलं की रबर दबून राहतं. तळाचे साधे स्क्रू मी पहिल्याच वर्षी बदलून स्टेनलेसचे बसवले, मूठभर स्क्रू, त्यानंतर तळाला कटकट नाही.

टीडीएस_तात्या

मिऱ्याताईंचं निरीक्षण अचूक आहे, त्यामागचं रसायन सांगतो, निवृत्त मास्तर असल्याने राहवत नाही.

मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ते हेच. किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ हवा त्या रेषेच्या वर असते, म्हणजे पत्र्यावर बसलेला प्रत्येक कण हा खाऱ्या पाण्याचा थेंब असतो आणि त्याखाली गंज चालू. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की तेच मीठ खडा होऊन गप्प बसतं. म्हणून उकाडा, आत्ता गंज "थांबलाय" असं तुला वाटेल, पण मीठ तिथंच आहे, ऑगस्टात जागं होईल. ते धुवून काढणं हाच उपाय.

आणि धुताना लोक एक चूक करतात. सर्किट बोर्ड आणि वायरींच्या चिमट्यांवर थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल मारतात. अल्कोहोलात मीठ जवळजवळ विरघळतच नाही! आधी मऊ ब्रशनं डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच, मग ते पाणी घालवण्यासाठी अल्कोहोल, मग पूर्ण वाळू द्यायचं. उलट क्रमानं केलं तर मीठ फक्त इकडचं तिकडं होतं.

उकाडा

अपडेट. ओव्हन झाला (बायको माहेरी गेली होती, एवढंच लिहितो). चिमटादादांच्या दुकानावर मेगर लावला, ५० मेगाओमच्या वर. मी आकडा बघून टाळीच वाजवली, दुकानातल्या पोरांना वाटलं मला शॉक बसला.

दादांनी एलिमेंटची टोकं हीटप्रूफ सिलिकॉननं बंद केली. वायरींचे सहा चिमटे हिरवे पडलेले, दोन तर हातात तुकडा आला, ते कापून नवीन लग क्रिंप केले. बोर्ड तात्या म्हणाले तसा धुतला.

पण एक कोडं आहे. बाहेरून मशीन बुडालेल्या जहाजातून काढल्यासारखं आणि बॉयलर आतून चकाचक. पाच वर्षांत क्षाराचा कण नाही. मला वाटलं ताईनं फार काळजीनं साफ केलं असेल, विचारलं तर म्हणाली डिस्केलिंग म्हणजे काय?

मिऱ्याची_वाळू

आमचं पाणी मऊ हो. डाळ एका शिटीत शिजते.

टीडीएस_तात्या

जांभा दगड आणि धो धो पाऊस. जांभ्यातला चुना फार पूर्वीच धुऊन गेलेला, त्यामुळे तिथल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ, किंचित आम्लच असतं. (किनाऱ्याला अगदी चिकटून असलेल्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, ते वेगळं.) आपल्याकडं काळा पाषाण आणि कमी पाऊस, बोअरचं पाणी त्यात वर्षानुवर्षं मुरून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येतं. तापवलं की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि तो पांढरा थर बसतो, हीटरच्या रॉडवर बघितलाच असशील.

म्हणजे तुझं मशीन पाच वर्षं बाहेरून खाल्लं गेलं. आता सोलापुरात आलंय, आता आतून सुरू होईल. कुठलं पाणी घालणार आहेस?

उकाडा

बोअरचं. नळाला चार-चार दिवस पाणी नसतं तात्या, आलं की पिण्याचं भरायचं की मशीनचं?

होटगी_रोडकर

भाऊ थांब!! मी हेच केलं. माझं मशीन दोन वर्षांत बसलं. आधी कॉफी बारीक धारेनं यायला लागली, मला वाटलं दळण बारीक झालंय, मग पंप नुसता भुंगा झाल्यासारखा आवाज करायला लागला, मग वाफ बंद. मग मी यूट्यूब बघून एकदम तिप्पट सायट्रिक ॲसिड टाकून उकळत्या पाण्यात डिस्केल केलं आणि जे आत सुटलं ते जाऊन सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या (विजेवर उघडणारी झडप) भोकात बसलं, पूर्ण चोक. तो उघडून टाचणीनं साफ केला तर बॉयलरच्या सांध्यातून पाणी गळायला लागलं. दोन वर्षं तिथं क्षारानंच बूच मारून ठेवलेलं, रबर कधीच गेलेलं. घरातले म्हणाले चांगलं चालत होतं तू कशाला हात लावला.

चिमटा_पक्कड

होटगीभाऊंच्या प्रसंगात सगळं आलं. सायट्रिक म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, लिटरला वीस ग्रॅम पुरे. पाणी कोमट. फार गरम आणि फार कडक केलं तर कॅल्शियम सायट्रेट होऊन तोच परत खाली बसतो. अर्धं ग्रुपमधून (हँडल अडकवतो ते तोंड) काढायचं, मशीन बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, थोडं वाफेच्या दांडीतून, मग उरलेलं, मग दोन टाक्या साधं पाणी. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर थांबायचा वेळ आणखी कमी, ॲसिड त्याला पण खातं. व्हिनेगर मी वापरत नाही, वास आठवडाभर जात नाही.

आणि पंप. हा कंपनाचा पंप असतो, बऱ्याच पंपांवर स्टिकर असतो "दोन मिनिटं चालू, एक मिनिट बंद", तो शोभेला नाही. डिस्केल करताना लोक सलग टाकी रिकामी करतात आणि पंप गरम होऊन बसतो. सुरुवातीला नुसता भुंगा वाजत असेल तर बहुतेक वेळा हवा अडकलेली असते, वाफेची कळ उघडून पंप चालव, हवा निघून जाते.

फिल्टरकाकू

माझ्या फिल्टरची भोकंपण क्षारानं बुजतात हं, आता कबूल करते. चिंचेच्या कोळात रात्रभर भिजवते, सकाळी मोकळी.

बेपर्वा

मग सरळ आरओचं पाणी घाला की. क्षारच नाही, विषय संपला.

(गिझर बंद केला. वायरमन बोलावलाय. बास?)

टीडीएस_तात्या

गिझरबद्दल शाब्बास. आरओबद्दल निम्मं बरोबर.

नुसत्या आरओच्या पाण्यात कॉफी फिकी लागते, चव काढायला पाण्यात थोडे क्षार लागतात. शिवाय ज्या मशीनमध्ये पाण्याची पातळी विजेच्या दांडीनं कळते तिथं इतकं शुद्ध पाणी वीज वाहत नाही, मशीनला वाटतं टाकी रिकामीच आहे. आणि क्षारता फार कमी झाली की तेच पाणी धातू खायला लागतं. कॉफीवाल्यांच्या जगात टीडीएस (लिटरमागं विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये) १५०च्या आसपास धरतात.

पण नुसत्या टीडीएस मीटरवर जाऊ नका, हे मी या मंचावर दहाव्यांदा सांगतोय. मीटर सगळं एकत्र मोजतो, चुना पण आणि मीठ पण. चुना थर बसवतो, क्लोराइड स्टेनलेसला भोकं पाडतं, दोन वेगळे रोग. सॉफ्टनर लावला तर चुना जातो, क्लोराइड तसंच राहतं. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचं कडकपणा मोजायचं किट मिळतं, ते आणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कडकपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरी सोयच नसेल तर ६००पर्यंत चालतो म्हटलंय, पण ते माणसाच्या पोटासाठी, बॉयलरसाठी नव्हे.

उकाडा

मोजलं. बोअर टीडीएस ११००, नळाचं साठवलेलं ४२०, आरओ ४५. बोअरचा कडकपणा किटवर ४०० च्या वर, थेंब मोजता मोजता मुलगी कंटाळून गेली.

एक हिशोब मांडला, तपासा. दिवसाला दोन कॉफी आणि धुणं धरून ३०० मिली, वर्षाला साधारण ११० लिटर. ४०० मिलिग्रॅमनं सगळाच्या सगळा चुना बसला तर ४४ ग्रॅम. सगळा बसत नाही हे मान्य, पण वीस ग्रॅम जरी त्या एवढ्याशा बॉयलरमध्ये बसला तरी?

टीडीएस_तात्या

हिशोब बरोबर, दहापैकी नऊ. एक मार्क वाफेचा कापला. वाफ निघते तेव्हा क्षार मागंच राहतात, त्यामुळे दूध जास्त तापवणाऱ्याच्या बॉयलरमध्ये पाणी आणखी घट्ट होत जातं. दूध तापवून झालं की ग्रुपमधून थोडं पाणी सोडत जा.

सात वाट्या आरओ, तीन वाट्या नळाचं. साधारण १५७ येतं. बोअर विसर. एक वाटी बोअर आणि नऊ आरओ केलं तरी दीडशेच दिसेल, पण बोअरमध्ये क्लोराइड किती आहे ते तू मोजलेलं नाहीस.

उकाडा

आज सकाळी जोडलं. सात-तीनचं पाणी, प्लग, बटण. सगळे घरातले स्वयंपाकघराच्या दारात उभे, सासूबाई रिमोट हातात घेऊन. पाच सेकंद, सात सेकंद, वीस सेकंद... फ्रिज चालू!

पहिली कॉफी मात्र आलीच नाही. पंप घरघरतोय, थेंब नाही. हवा पण काढून बघितली.

चिमटा_पक्कड

पूड कुठली घातली?

उकाडा

घरातलीच. ७०-३०, चिकोरीवाली.

फिल्टरकाकू

अरे देवा 😀 ती माझ्या फिल्टरची पूड आहे रे बाळा.

चिमटा_पक्कड

चिकोरी पाण्यात विरघळून चिकट होते, जाळीवर लगदा बसतो. मशीनला शुद्ध कॉफी आण, ताजी दळलेली. आणि तुझ्या मशीनला तीन-मार्गी व्हॉल्व्ह आहे, मी उघडून बघितलाय, तेव्हा बिनभोकाची जाळी लावून मशीन धुवायच्या पावडरनं बॅकफ्लश कर, म्हणजे पाणी अडवून उलटं व्हॉल्व्हमधून धुवून काढ. ज्यांच्या मशीनला तो व्हॉल्व्ह नाही त्यांनी हे करू नका, दाब जायला जागा नसते, हँडल काढताना तोंडावर येईल.

होटगी_रोडकर

दळण्यावर एक, आपल्याकडं उन्हाळ्यात ग्राइंडरमधून पूड उडून ओटाभर चिकटते, स्थिर विजेमुळं. दाण्यांवर चमच्याच्या टोकानं एक थेंब पाणी लावून हलव आणि मग दळ. आमच्या हिच्या शिव्या निम्म्यावर आल्या.

मिऱ्याची_वाळू

आमच्याकडं उलट, पावसाळ्यात पुडीचे गोळे होतात. थेंब कसला लावताय.

उकाडा

झाली!! संध्याकाळी शुद्ध पूड आणली, बॅकफ्लश केलं, पहिल्यांदा निघालेलं पाणी काळं कुट्ट. मग पंचवीस सेकंदांत दाट धार, वर तांबूस साय. ताईला व्हिडिओ कॉल लावला, तिला रडू आलं की मशीन गेल्याचं दुःख झालं ते कळलं नाही.

आता दोन गोष्टी राहिल्यात. हँडल सरळ समोर यायच्या ऐवजी उजवीकडं पार फिरून बसायलंय आणि कडेनं थेंब येतात. आणि वाफेची कळ बंद केली तरी टपटपते. ग्रुपच्या रबराला कपाटातलं व्हॅसलिन लावून बघू का?

चिमटा_पक्कड

नको! रबर ईपीडीएमचं (वाफेत टिकणारं कृत्रिम रबर) असेल तर व्हॅसलिननं फुगून बाद होतं. फूडग्रेड सिलिकॉन ग्रीस, तेही चिमूटभर. पण तुझं रबर कडक झालंय, ग्रीसनं जाणार नाही. काढून माप घे, बाहेरचं ७३, आतलं ५७ असण्याची शक्यता आहे, जाडी ८ की ८.५ ते व्हर्नियरनं बघ, अर्ध्या मिलिमीटरनं हँडलची जागा बदलते. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत ऑइल सीलवाल्याकडं मापाचं मिळेल, पण साधं नायट्राइल देईल तर घेऊ नको, वाफेत टिकत नाही. ईपीडीएम किंवा फूडग्रेड सिलिकॉन असं स्पष्ट सांग.

वाफेच्या कळीची ओ-रिंग माझ्याकडं आहे. रविवारी अकराच्या आत ये, नंतर मी लग्नाला जायलोय.

फिल्टरकाकू

अशोक चौकात येतोच आहेस तर पुढं घरी ये. तुझी ती चिकोरीवाली उरलेली पूड घेऊन ये, इथं वाया नाही जायची.